मधलं नाव

"ही नोटीस कुणाच्या सहीनं लागलीय?" तात्यांनी विचारलं.

मार्चमधली रविवारची सकाळ, वारा कान कापत होता. तात्यांना आयर्लंडला येऊन तीनच दिवस झाले होते. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद बांधला होता. माझा जुना जाड कोट आणि कानटोपी घालून माझे वडील तो कागद पहिल्या अक्षरापासून वाचत होते. रेवा, माझी अकरा वर्षांची मुलगी, थंडीनं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती.

"आजोबा, इट्स ओन्ली अ नोटीस. आयम फ्रोझन."

"नोटीस कधी ओन्ली नसती बाळ," तात्या म्हणाले. "ती वाचायसाठी लावलेली असती."

तात्या म्हणजे दीनानाथ कवठेकर, सांगली जिल्ह्यात एकतीस वर्षं ग्रामसेवक. हरकती मागवणं, ठराव लिहिणं, शिक्के मारणं, यात त्यांचा जन्म गेला. बाकीची माणसं देवळासमोर थांबतात, हे नोटीस बोर्डासमोर थांबतात. आई गेल्यावर दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागलो होतो की अडीच महिने या, आराम करा. आले, आणि तिसऱ्याच दिवशी खांबाला चिकटले.

"चला तात्या, काही विशेष नाहीये त्यात," मी म्हणालो.

हे मी जरा जास्तच पटकन म्हणालो. कारण त्या कागदात काय आहे ते मला पाठ होतं. वसाहतीच्या मागच्या रस्त्याला कौन्सिलची पडीक जमीन होती. तिच्या कडेला सात कॅरव्हॅन बारा-तेरा वर्षं उभ्या होत्या. त्यांत ट्रॅव्हलर लोक राहत. हे इथलेच, अस्सल आयरिश, पण पिढ्यान्‌पिढ्या भटके. गावात त्यांना कोणी बसू देत नाही. कौन्सिलनं त्यांच्यासाठी त्याच जमिनीवर सहा पक्की घरं बांधायचं ठरवलं होतं. कुणाची हरकत असेल तर सोळा एप्रिलपर्यंत लेखी कळवावं, असं नोटिशीत होतं.

माझी हरकत होती. ती जाऊन बारा दिवस झाले होते.

गावाचं नाव मी सांगत नाही. पोर्टलीश अर्ध्या तासावर आहे, एवढं पुरे. फाईल अजून तिथे आहे आणि मी अजून तिथे राहतो.

आता ते पत्र कसं झालं ते सांगतो, आणि माझी बाजू चांगली दिसेल असं काही सांगत नाही. दोन हजार चारच्या जानेवारीत आमच्या दारासमोरचा दिवा गेला. मी डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. पहाटे अंधारात निघायचं, संध्याकाळी अंधारात यायचं, आणि दारात किल्ली चाचपायची. कौन्सिलला मी चार पत्रं लिहिली, मुद्दे क्रमांक घालून. एकाचंही उत्तर नाही. मग एका शनिवारी दारावर नेड डूलन आला. आमच्या भागाचा कौन्सिलर, धंद्यानं घरांचा दलाल. आमचं घरही त्यानंच विकलेलं. साठीचा, गुलाबी चेहऱ्याचा, कोटाला दारू न पिणाऱ्यांचा छोटा बिल्ला. जूनमध्ये निवडणूक होती. इथे कौन्सिलच्या निवडणुकीत परदेशी रहिवाशालाही मत असतं, आणि हे आमच्यापैकी निम्म्यांना माहीत नव्हतं. नेडला माहीत होतं.

दिव्याचं मी सहज बोललो. मंगळवारी दिवा लागला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, चहा प्यायला. आमच्या देव्हाऱ्याकडे बघून म्हणाला, "उपेन, तुम्ही लोक म्हणजे आमच्या लहानपणचा आयर्लंड आहात. घरात प्रार्थना, म्हाताऱ्यांचा मान, नवराबायको एकत्र. आमचेच लोक हे विसरलेत." असं कोणी आजवर मला म्हटलं नव्हतं. पाच वर्षं झाली होती इथे. ऑफिसात मी 'युवर मॅन इन टेस्टिंग' होतो, म्हणजे 'तो टेस्टिंगवाला', बिननावाचा. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो, आणि वरून देश फार छान दिसत होता.

नागरिकत्वाचा अर्ज मी नुकताच टाकला होता. त्याला वर्षानुवर्षं लागतात. नेड म्हणाला, "डब्लिनला माझी माणसं आहेत. तुझ्या फाईलवरची धूळ झटकायला सांगतो." मग उठता उठता त्यानं खिशातून एक कागद काढला. मागच्या जमिनीबद्दल रहिवाशांच्या भावना कौन्सिलपर्यंत जायला हव्यात, तो म्हणाला. मसुदा त्यानं केलाच होता. "पण तू तुझ्या शब्दांत लिही. तुझं इंग्लिश आमच्यापेक्षा चांगलं आहे."

आपल्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी कागद घेऊन दार वाजवतो, आपण उभ्या उभ्या सही करतो. वाचत बसणं म्हणजे त्या माणसावर संशय घेतल्यासारखं. सही द्यायला काय जातं, असंच मला वाटलं. हरकतीचे कागद कपाटात जातात आणि कपाट उंदरांचं असतं, हे ग्रामसेवकाच्या पोराला कुणी शिकवायला नको. पण नुसती सही केली असती तरी बरं. मला ड्राफ्टिंगची हौस. नेडच्या मसुद्यात रहदारी, सांडपाणी, घरांच्या किमती असलं रुक्ष काहीतरी होतं. मी त्यात एक वाक्य घातलं. आजही ते मला इंग्रजीतून लख्ख आठवतं. त्याचा अर्थ असा: 'भारतात आमच्याकडेही अशा भटक्या जमाती आहेत, आणि त्यांच्या शेजारी राहण्याचे परिणाम काय होतात हे मी अनुभवाने सांगू शकतो.'

खाली पूर्ण नाव लिहिलं. पासपोर्टवर आहे तसं. उपेंद्र दीनानाथ कवठेकर.

माझी बायको सुमेधा तेव्हा शेजारी कणीक मळत होती. तिनं वाचलं आणि विचारलं, "कुठला अनुभव?"

"अगं, लिहायची पद्धत असते ती."

ती पुन्हा कणीक मळायला लागली. तेही मला सोयीचं पडलं.

*

तात्या रोज सकाळी फिरायला जायचे आणि परत यायला दोन तास लावायचे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मागचा रस्ता शोधून काढला. जेवताना सांगायला लागले.

"सात पालं हैत तिथं. चाकाची पालं. आणि नळ एकच. एका नळावर सात घरं, लहान पोरं धरून एकोणतीस माणसं. मोजली मी."

"तात्या, तिकडे नका जाऊ. लोक बरे नाहीत ते."

"का? मला चहा दिला की त्या बाईनं. मॅकडोना आडनाव. मला तिचं इंग्लिश कळंना, तिला माझं कळंना, पण चहा कळला. साखर आपल्यासारखी घालतीया, भरपूर." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "अशा नळाला आपल्याकडं मी आठ दिवसांत दुसरी तोटी लावली असती. इथं पैसा दिसतोय, मग अडतंय कुठं?"

सुमेधानं माझ्याकडे बघितलं. मी वरणात लिंबू पिळत राहिलो.

"त्या नोटिशीत पत्ता आहे कौन्सिलचा," तात्या म्हणाले. "उद्या जाऊन येतो. बसनं एक स्टॉप."

"कशाला पण? तिथे तुम्हाला कोण काय दाखवणार?"

"बघू की. ऑफिस कसं चालवतात ते तरी बघतो."

मला भीती अशी वाटली नाही. परदेशातलं सरकारी ऑफिस, सासष्ट वर्षांचा कानटोपीवाला म्हातारा. हसून परत पाठवतील, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून सात वाजता आलो, तर तात्या इतके खूश की आई गेल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

"उपेंद्रा, इथं कुणीबी जाऊन फाईल बघू शकतंय. कुणीबी. अर्ज नाही, फी नाही, साहेबाची सही नाही. ब्रीद म्हणून बाई आहेत काउंटरवर, मी विचारलं, परदेशी माणसानं बघितली तर चालंल का. म्हणाल्या, एनीवन ॲट ऑल. टेबल दिलं, खुर्ची दिली. नकाशा, अंदाजपत्रक, सगळं सूचीसकट. आज नकाशे बघून झाले. उद्या हरकती बघणार."

हे ऐकताना माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला. इथे कपाट उंदरांचं नव्हतं.

"हरकतींत काय बघायचं तात्या? सगळीकडे तेच."

"हरकतींतच तर गाव कळतंय," ते म्हणाले.

रात्री सुमेधा म्हणाली, "तूच सांग त्यांना आधी. त्यांना तिथे बसून वाचायला लावू नकोस."

"सांगतो," मी म्हणालो. सकाळी साडेपाचला गाडी काढून निघून गेलो. तात्या उठायच्या आत. मला उशीर झाला नव्हता, उलट वीस मिनिटं लवकर निघालो होतो.

*

त्या संध्याकाळी तात्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. समोर त्यांची लांबोडकी वही, सहा इंची लाकडी पट्टी आणि निळं पेन. ही पट्टी ते शाळेतल्या पोरासारखी वहीत घालून हिंडत. रेवाला सुमेधानं वर पाठवलं होतं.

"बस," तात्या म्हणाले.

वही त्यांनी माझ्याकडे फिरवली. डावीकडे समास आखलेला. वर लिहिलेलं: 'हरकत क्र. १७ ची नक्कल.' खाली माझं पत्र, इंग्रजीत, शब्दन्‌शब्द. झेरॉक्सला पैसे पडतात म्हणून हातानं उतरवलेलं. एकतीस वर्षं त्यांनी अशाच नकला काढल्या होत्या, आणि त्यांत काना-मात्रेची चूक कधी झाली नाही. शेवटी माझी सही, माझं पूर्ण नाव, त्यांच्या वळणदार अक्षरात.

"इंग्लिश चांगलं आहे," ते म्हणाले.

मी समासाची रेघ बघत राहिलो.

"एक विचारायचं होतं. हा अनुभव कुठला?"

मी बोललो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. मी म्हणालो, ती लिहायची पद्धत असते. म्हणालो, तुम्हाला इथलं राजकारण कळणार नाही. म्हणालो, आपण इथे उपरे आहोत, चार लोकांना धरून राहावं लागतं. मग नागरिकत्वाच्या अर्जाचं सांगितलं, नेडनं दिलेल्या शब्दाचं सांगितलं. तात्या ऐकत होते, एखादा गावकरी तक्रार सांगतो आणि ग्रामसेवक ऐकतो तसे.

"म्हणजे अनुभव नाही."

"नाही."

"आहे की," तात्या म्हणाले. "आपल्या गावाच्या ओढ्यापलीकडं पारध्यांची पालं होती. तू सहा वर्षांचा. बाभळीचा काटा टाचेत मोडला होता तुझ्या. डॉक्टर तालुक्याला. त्यातल्या एका बाईनं सुईनं काढला, मांडीवर पाय घेऊन. तुला आठवतंय का?"

मला आठवत होतं. तिच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता आणि ती मला 'मालक' म्हणत होती, रडू नको मालक. माझा सगळा अनुभव एवढाच.

"ते गेले नंतर गावातून," मी म्हणालो.

"गेले नाहीत. घालवले." तात्यांनी पट्टी उचलली आणि वहीच्या कडेला नीट लावून ठेवली. "चौऱ्याहत्तर साल. त्यांना गावठाणात सात प्लॉट मंजूर झाले होते. तालुक्यावरनं कागद आलेला, नुसता ग्रामसभेचा ठराव पाहिजे. सरपंच म्हणाले, कवठेकर, लिहा, ग्रामस्थांच्या भावना तीव्र आहेत. स्वतः विरोधात काही बोलले नाहीत ते सभेत. उलट म्हणाले, माझी वैयक्तिक हरकत नाही. सभेला माणसं किती, तर नऊ. मी लिहिलं, सर्वानुमते. मग घरोघर जाऊन अंगठे मीच घेतले. तुझी मुंज काढायची होती, बदली नको होती मला. चौथ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडं नुसत्या चुली होत्या."

तात्यांनी पेन हातात घेतलं.

"तुझ्या आईला माहीत होतं. आणखी कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, पोरगं शिकलं, लांब गेलं, माझं हे त्याच्यापर्यंत पोचायचं नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते. "ते पत्र वाचताना ब्रीदबाईंनी विचारलं, पाणी देऊ का तुम्हाला."

मी मान वर केली नाही. लाज वाटली म्हणणं फार थोडं आहे. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं, एक ठेवून द्यावी. ते पेनाचं टोपण लावत होते.

"मुदत सोळा तारखेपर्यंत आहे," ते म्हणाले. "हरकत मागं घेता येती. विचारलं मी. दोन ओळी लिहाव्या लागतात."

"तात्या, नेडला कळेल. तिथे सगळं दिसतं ना लोकांना."

"हो. दिसतंय."

"माझा अर्ज अडकेल. रेवाचं सगळं इथे आहे. निवडणूक होऊन जाऊ दे, मग मी..."

"बरं," तात्या म्हणाले, आणि वही मिटली.

दोन आठवडे उरले होते. त्या दोन आठवड्यांत ते एकदाही त्या विषयावर बोलले नाहीत. जेवायचे, रेवाला पाढे म्हणायला लावायचे, मॅकडोनाबाईकडे चहाला जायचे. एकदा सुमेधानं दिलेले रव्याचे लाडू घेऊन गेले. पंधरा एप्रिलला सकाळी त्यांनी सुमेधाकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि बसनं गेले. काय लिहिलं ते तिनं विचारलं, तर म्हणाले, "माझं पण एक निवेदन आहे."

त्या दोन आठवड्यांत मी रोज संध्याकाळी ठरवायचो की उद्या सकाळी वाटेत थांबून दोन ओळी देऊन जायच्या. सोळा तारीख शुक्रवार होती. मी कौन्सिलच्या इमारतीसमोरून गाडी नेली. सिग्नल हिरवा होता.

*

मे महिन्यात कौन्सिलची बैठक झाली. नेडनं मला फोन करून बोलावलं, गॅलरीत चार चेहरे दिसले पाहिजेत म्हणाला. तात्या म्हणाले, "मी पण येतो. सभा बघायचीय मला."

ते धुवट पांढरा शर्ट घालून आले. गॅलरीत पहिल्या बाकावर बसले, गुडघ्यावर वही. बाजूच्या टोकाला मॅकडोनाबाई आणि तिची लेक. तिनं तात्यांना बघून मान हलवली, मग तात्यांशेजारी मला बघितलं आणि मलाही हलवली. तिला माहीत नव्हतं अजून.

अधिकाऱ्यानं अहवाल वाचला. एकूण निवेदनं एक्केचाळीस. हरकती चाळीस. "एका निवेदनात हरकत नसल्याचे कळवले आहे," त्यानं वाचलं. "त्याच निवेदनात एक वैयक्तिक स्वरूपाची बाबही मांडली आहे. ती नियोजनाशी संबंधित नाही."

मी तात्यांकडे बघितलं. ते टिपून घेत होते.

मग नेड उठला. "माझी व्यक्तिशः काहीच हरकत नाही," तो म्हणाला. "या कुटुंबांना मी लहानपणापासून ओळखतो. पण मी लोकांचा सेवक आहे, आणि लोकांच्या भावना मला बाजूला ठेवता येत नाहीत. हा विरोध द्वेषातून आहे असं म्हणणाऱ्यांसाठी मी एकच पत्र वाचतो. हे आपल्यात राहायला आलेल्या एका भारतीय गृहस्थाचं आहे." त्यानं चष्मा चढवला. माझं वाक्य त्यानं दोनदा वाचलं. वाचताना 'अनुभवाने' या शब्दावर थांबला. शेवटी नाव वाचायचा प्रयत्न केला. उपेंद्र त्याला जमलं. मग तो अडखळला, कागद डोळ्यांजवळ नेला, आणि एकदम कवठेकर म्हणाला. मला वाटलं, त्याला मधलं नाव उच्चारता आलं नाही.

मॅकडोनाबाईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मी सहन केला असता. राग नव्हता. तिला हे नवीन नव्हतं, एवढंच दिसत होतं. मग तिनं तात्यांकडे बघितलं, आणि मी बुटांकडे.

ठराव एकोणीस विरुद्ध तीन मतांनी पडला. सहा घरं गेली.

बाहेर जिन्यावर नेड आला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि तात्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्हाला मुलाचा फार अभिमान वाटत असेल," तो म्हणाला.

"ही राइट्स गुड इंग्लिश, सर," तात्या म्हणाले. हात सोडवून घेतला आणि सावकाश खाली उतरले. खालच्या पायरीवर मॅकडोनाबाई उभी होती. तिला त्यांनी वाकून नमस्कार केला, आपल्याकडे मोठ्या माणसाला करतात तसा. ती गांगरली. काहीतरी म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मे संपता संपता मी त्यांना विमानतळावर सोडलं. रेवा रडली. मला ते म्हणाले, "तब्येत सांभाळ. गाडी हळू चालवत जा." जूनमध्ये मतदान झालं. नेड पहिल्या फेरीतच निवडून आला. इथे मतपत्रिकेवर पसंतीक्रमाचे आकडे घालतात, आणि माझ्या मतपत्रिकेवर त्याच्या नावापुढे मी 'एक' घातला होता. हेही सांगून टाकतो.

*

तात्या दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर गेले. झोपेत. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. त्यांची कपाटं आवरताना पंचवीस-तीस वह्या निघाल्या. आयर्लंडची वही त्यात नव्हती.

माझं नागरिकत्वाचं पत्र पुढच्या मार्चमध्ये आलं. नेडनं काही केलं की नाही, देव जाणे. तीन वर्षं लागली, सगळ्यांना लागत होती तेवढीच.

त्याच उन्हाळ्यात मागच्या जमिनीवर पाटी लागली. कौन्सिलनं ती एका बिल्डरला विकली होती, चौतीस घरं होणार होती, आणि पाटीवर विक्रीसाठी नाव होतं नेड डूलनचं. कॅरव्हॅन एका सकाळी उचलून नेल्या होत्या. नळ होता तिथे फक्त पाइपाचं तोंड राहिलं. आमच्या वसाहतीतले लोक खवळले: रहदारी वाढणार, सांडपाणी तुंबणार. सगळ्यांनी नेडला धरायचं ठरवलं. तो आधी काय बोलला होता, जुन्या फायलीत बघून ये, असं मला सांगितलं. तू लिहिण्यावाचण्यात हुशार, म्हणाले.

मी एक दिवस रजा काढून गेलो. काउंटरवर ब्रीद होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. फाईल आणून दिली, टेबल दाखवलं. तात्या जिथे बसत ते हेच असणार, खिडकीशेजारचं.

सगळी फाईल मी दोनदा चाळली. नेडची कुठेही सही नव्हती. सभेच्या इतिवृत्तात त्याचं एकच वाक्य होतं, माझी व्यक्तिशः काहीच हरकत नाही. त्याला धरायला कागदच नव्हता. धरायला चाळीस कागद होते, पण ते आमचे होते.

मग एक्केचाळिसावा निघाला. समास आखलेला. तात्यांचं ग्रामसेवकी इंग्रजी, ज्याचा मला कॉलेजात असताना संकोच वाटायचा. त्याचं मराठी असं होईल:

'सविनय निवेदन की, मी सदर जागेची समक्ष पाहणी केली. सात कुटुंबे, एकोणतीस माणसे, नळ एक. घरे बांधण्यास माझी हरकत नाही. हरकत क्र. १७ मध्ये ज्या अनुभवाचा उल्लेख आहे, त्या वेळी अर्जदाराचे वय सहा वर्षे होते. सबब तो अनुभव त्याचा नसून माझा आहे, आणि तो वेगळा आहे. आमच्याकडे मुलाच्या नावामध्ये वडिलांचे नाव लिहिण्याची प्रथा आहे. हरकत क्र. १७ च्या सहीत माझे नाव माझ्या संमतीशिवाय आले आहे. तरी ते कमी करावे, ही नम्र विनंती.'

मी सतरा नंबर काढला. खाली टाइप केलेल्या नावात 'दीनानाथ'वर एक सरळ निळी रेघ होती. पट्टीनं मारलेली, अक्षरांना धक्का न लावता. रेघेखालून नाव वाचता येत होतं. रेघेच्या टोकाला छोटी सही आणि तारीख, १५ एप्रिल. वर माझ्या हाताच्या सहीतही तेच. नेड त्या दिवशी अडखळला तो इथे.

ब्रीद माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. "असं करू देत नाहीत खरं तर," त्या म्हणाल्या. "मी साहेबांना विचारायला आत गेले. साहेब म्हणाले, स्वतःचंच नाव आहे ना, करू दे. फार सभ्य गृहस्थ होते. पट्टी स्वतःची घेऊन आले होते. रेघ मारून झाल्यावर खूप वेळ बसून राहिले. तुम्ही ओळखता त्यांना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी अजून थोडं थांबून वाट पाहिली. मी कागद क्रमानं लावून फाईल मिटली.

जाताना त्यांनी रजिस्टर पुढे केलं. फाईल पाहणाऱ्यानं पूर्ण नाव आणि तारीख लिहायची असते. मी मागची पानं उलटली नाहीत. दोन हजार चारमध्ये तात्यांनीही यातच लिहिलं असेल. मी उपेंद्र लिहिलं. पेन थोडं पुढे सरकवलं, एका नावाएवढी जागा सोडली, आणि कवठेकर लिहिलं.